दगडी वाड्याची माडी: उन्हाळ्यात तापते, थंडीत गारठते. छताचं काय करावं?

कैरीचं_पन्हं

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला लष्कर भागात, जनकगंजच्या बाजूला आमचा जुना वाडा आहे. तळमजला, वर माडी, त्यावर गच्ची. भिंती दगड-चुन्याच्या, दोन फुटी. माडीचं छत पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरश्यांचं, लोखंडी गर्डरवर टाकलेलं, त्यावर जुन्या काळचा चुन्याचा थर. तळमजला मे महिन्यातही बरा असतो. प्रश्न माडीचा आहे. दुपारी कूलरवर कशीबशी निभते, पण दिवेलागणीनंतर बाहेर जरा वारा सुटतो तेव्हा आमच्या खोल्या आणखी तापतात. पंखा लावला की वरची गरम हवाच अंगावर येते. डिसेंबर-जानेवारीत सगळं उलट. फरशीवर पाय ठेववत नाही आणि रजईतून हात बाहेर काढवत नाही.

सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची खोली वर, देवघर तिला लागून. खाली चला म्हटलं की 'देव घेऊन खाली येऊ का?' असं विचारतात आणि विषय तिथेच संपतो.

तीन ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणतो, पीओपीचं फॉल्स सीलिंग करा आणि वर थर्माकोल भरा. दुसरा म्हणतो, गच्चीवर टिनशेड टाका. तिसरा म्हणतो, भिंतींना आतून जिप्सम बोर्ड मारून एसी लावा, 'आजकल सब यही करवा रहे हैं.' खर्च एकदाच करायची ताकद आहे, म्हणून विचारते. जुन्या घरात हे कुणी केलंय का?

लू_लागली

एसी लावा, विषय संपवा. आम्ही तेच केलं.

कैरीचं_पन्हं

@लू_लागली, एका खोलीत आहे एसी. रात्री बारापर्यंत दीड टनाचं मशीन थांबायचं नाव घेत नाही. खोली थंड झाल्यासारखी वाटते, पण डोकं तापलेलंच. आणि बिल पाहून यजमानांचंही तापतं.

दगडधोंडा

वहिनी, बांधकाम खात्यात नोकरी गेली माझी, त्यातली बरीचशी ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यातल्या पटियांच्या छतांखाली. ठेकेदार कुठला खरा हे ठरवण्याआधी एक फुकटचं काम करा. करोनाच्या वेळी घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर असेल घरात. त्याला पृष्ठभागाचं तापमान मोजायची सोय असते, ती चालू करा. संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला छत आणि पश्चिमेची भिंत मोजा, आकडे इथे द्या. मग बोलू.

अवांतरराव

अवांतर: दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे छावणी टाकली म्हणून हे लष्कर. तंबू जाऊन वाडे आले, पण लोक उन्हाळ्यात माडीवर राहत नसत. दिवसा तळघर, रात्री गच्ची. किल्ल्यावर मानमंदिरातही जमिनीखाली दोन मजले आहेत. मे महिन्यात दुपारी तिथे उतरून पाहा, आणि लगेच वर येऊन पाहा. माडी ही हिवाळ्यातली आणि पाहुण्यांची जागा होती. आता कुटुंबं वाटली गेली, तळघरात भाडेकरूचं गोदाम आलं आणि माणसं वर्षभर माडीवर अडकली. दोष घराचा नाही, वापर बदलला.

कैरीचं_पन्हं

@अवांतरराव, आमच्याही तळघरात भाडेकरूचं गोदामच आहे. तुम्ही आमचा वाडा पाहिलाय का? :-)

@दगडधोंडा काका, मोजलं. संध्याकाळी सातला छत आतून ४६ अंश, पश्चिमेची भिंत ३६. रात्री अकराला छत ४१, भिंत ३६च. मोबाइलवर बाहेरचं तापमान त्या वेळी ३४ दाखवत होतं.

दगडधोंडा

घ्या, निम्मं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे.

आपल्या कातडीचं तापमान ३४-३५च्या आसपास असतं. त्याहून गरम असलेला कुठलाही पृष्ठभाग समोर असला की तो अंगाला शेकतो. मधली हवा कितीही गार करा, शेकणं चालूच. म्हणून एसी असूनही 'डोकं तापलेलं'. तुमचं मशीन खोलीशी लढत नाहीये, अख्ख्या गच्चीशी लढतंय.

आता भिंत ३६वरच का अडली? दगड उष्णता अडवत नाही, साठवतो आणि सावकाश सोडतो. दोन फुटी भिंतीत दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचायला बारा-चौदा तास लागतात, आणि पोचतं तेव्हा त्यातलं नावालाच उरलेलं असतं. छताची जाडी पटिया आणि चुना मिळून सहा-सात इंच असेल. तिथून तेच ऊन चार-पाच तासांत खाली उतरतं, म्हणजे तुमची जेवणाची वेळ. शिवाय ग्वाल्हेर २६ अक्षांशावर. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, क्षितिजापासून ८७ अंशांवर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम चाटून जातं. गच्चीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुटका नाही.

तेव्हा माझं मत: भिंतींना हात लावू नका. सगळा पैसा छतावर, आणि तोही वरच्या बाजूने.

फॉल्स सीलिंगला माझा विरोध का, ते सांगतो. खालून थर लावला की खोलीला थोडा आराम मिळेल, मान्य. पण वरचा दगड उन्हात तसाच तापत राहणार, रात्री आकसणार, आणि पटियांमधल्या सांधी दर वर्षी थोड्या थोड्या उघडणार. पाणी गळलं तर पीओपीवर डाग पडेपर्यंत कळणार नाही, गर्डर गंजला तर कधीच कळणार नाही. मधल्या पोकळीत उंदीर, वटवाघळं, आणि जुन्या वायरिंगच्या शेजारी थर्माकोल. थर्माकोल पेटतो आणि काळा धूर सोडतो. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर मी तो ठेवणार नाही.

शीतल_छाया

काकांना +१. मी इंदूरला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, थोडे आकडे जोडते.

छतातून किती उष्णता जाते ते वॉट, प्रति चौरस मीटर, प्रति अंश फरक असं मोजतात. अडीच इंची पटिया आणि त्यावर चार इंच चुना धरला तर हिशोब पावणेतीनच्या आसपास येतो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली, तिच्यात छताची मर्यादा १.२ आहे. म्हणजे तुमचं छत दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतंय.

आता त्यावर एक्सपीएसचा बोर्ड टाकू. थर्माकोलचाच भाऊ, पण घट्ट, पाणी न पिणारा, पायाखाली न दबणारा. एक इंच टाकला तर पावणेतीनचे साधारण ०.८ होतात. दोन इंच टाकला तर ०.५. पहिला इंच सगळ्यात जास्त कमाई करतो, दुसरा त्याच्या निम्मीही नाही. ठेकेदार चार इंच सुचवायला लागला तर हसून नको म्हणा. पण मजुरी, कोबा, ढाळ हे सगळं एकदाच होणार असेल तर दोन इंच टाकून मोकळं व्हावं, कारण त्यात बोर्डाची किंमत तेवढी वाढते. दोन इंच एक्सपीएस जेवढं अडवतो तेवढं अडवायला दगड तीन मीटर जाड लागेल.

वरून टाकण्याचा दुसरा फायदा काकांनी अर्धाच सांगितला. छताचा दगड इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराच्या, आतल्या बाजूला आला की त्याचं वजन तुमच्या बाजूने काम करतं. रात्री खिडक्या उघड्या ठेवून तो गार केला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो खोलीतली उष्णता शोषतो. खालून थर्माकोल लावला की तो दगड खोलीच्या हिशोबातून बाहेर जातो.

मुरारकर

टिनशेडचं कुणीच काही बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्या घरावर आहे. फरक पडतो, खोटं कशाला बोलू? गच्चीवर थेट ऊन पडत नाही, कपडे वाळतात, पावसात मुलं खेळतात. पण हेही सांगतो: माकडं पत्र्यावरून पळतात तेव्हा रात्री घरात भूकंप होतो, आणि जूनमधल्या आंधीत एकदा दोन पत्रे शेजाऱ्यांच्या अंगणात गेले. नशीब तिथे कुणी नव्हतं.

शीतल_छाया

@मुरारकर, चारही बाजूंनी उघडी आणि उंच असेल तर शेड सावलीचं काम करतेच. पण पत्रा स्वतः तापून खाली गच्चीकडे उष्णता फेकतो, आणि बाजू बंद केल्या की तीच हवा अडकून राहते. असलेल्या पत्र्यावर वरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग द्या, स्वस्तात बरंच होईल. नवीन घालायचा असेल तर खांब कशावर उभे राहणार हा प्रश्न आधी विचारा. पटियाला भोक पाडून बोल्ट मारलेले मी पाहिलेत. पटिया दगडी आहे, तिच्यात लोखंडाच्या सळया नसतात. भोकापासून चीर गेली की ती एका क्षणात तुटते, वाकून इशारा देत नाही. खांब भिंतींवरच यायला हवेत.

लू_लागली

सोलर पॅनल लावले तर? सावलीची सावली, विजेची वीज. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी आहे असं वाचलंय.

शीतल_छाया

हो, २०२४पासून ती योजना आहे, आणि ७८ हजार हीच कमाल रक्कम. पॅनलच्या सावलीचाही फायदा होतो. पण त्यांचेही पाय भिंतींवर किंवा भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या लोखंडी चॅनेलवर हवेत. विक्रेते काँक्रीटचे ठोकळे ठेवून पाय उभे करतात. ते नव्या स्लॅबवर चालेल, पटियांच्या मधोमध नको. आधी छत, मग पॅनल. उलट केलं तर पॅनल उतरवायचे पैसे वेगळे.

मांडवीकर

बडोद्याहून. आमचं मांडवीजवळ जुनं घर, लाकूड आणि विटांचं, त्यामुळे तुमच्या दगडाशी तुलना नको. पण गच्चीवर आमच्याकडे घरोघर चायना मोझेक असतं, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिक टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले. ऊन परतवतं, पाणी झिरपू देत नाही, झाडलं-धुतलं की पुन्हा पांढरं. अनवाणी चालता येतं, दुपारीसुद्धा, हा आमच्या आजीचा निकष होता. तुमच्या बोर्डावर कोबा आणि त्यावर चायना मोझेक असं का नाही?

दगडधोंडा

चालेल, उत्तमच चालेल. पण वजन बघा. हा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून मी थांबलो होतो.

जुन्या छतावर दर पिढीने एक एक थर चढवलेला असतो. आजोबांचा चुना, वडिलांच्या वेळचा सिमेंट कोबा, मग कुणीतरी डांबर ओतलेलं, त्यावर फरशी. चार इंच चुन्याच्या थराचं वजन चौरस मीटरला १८०-१९० किलो. दोन इंच सिमेंट कोब्याचं ११०-१२०. जुनी मातीची पद्धत, भुसा-शेण घातलेली माती आणि वर विटांच्या चकत्या, ती उष्णतेला चांगली. पण चार इंचाला १६० किलो ओली नसताना, आणि पावसात ती पाणी धरते. एक्सपीएसचा दोन इंची बोर्ड दोन किलोसुद्धा भरत नाही. म्हणजे बोर्डाची चिंता नको, त्यावर येणाऱ्या कोब्याची करा.

नवीन काही घालण्याआधी वरून एक चौरस फूट उकरून पाहा, किती थर आहेत. वरचे सिमेंट-डांबराचे थर काढा, मूळचा चुना शाबूत असेल तर ठेवा. खालून प्रत्येक पटिया टॉर्च लावून बघा, चीर दिसली की तिच्याखाली आधी टेकू, मग बाकीचं. गर्डरचं टोक भिंतीत जातं तिथे हातोडीने टकटक करा. तिथेच गंजतो. एखादा स्ट्रक्चरल इंजिनीअर तासभर बोलवा, फी देऊन. माझ्यासारख्या निवृत्ताच्या फुकट सल्ल्यावर छत उभं करू नका.

मग क्रम असा. सांधी चुना-सुरखीने (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) भरणं, ढाळ पन्हाळीकडे, वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड एकमेकांना घट्ट भिडवून, त्यावर कापडासारखा वेगळा करणारा थर, मग कोंबडीजाळी घालून दीड इंच कोबा, आणि वर मांडवीकर म्हणतात ते पांढरे तुकडे. कोब्यात दर दोन-अडीच मीटरवर सांधा सोडा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तो स्वतःच सांधे पाडून घेईल. कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई विसरू नका. निम्मी गळती तिथून असते.

कैरीचं_पन्हं

काका, हे सगळं वाचून यजमानांनी पहिला प्रश्न विचारला की गच्ची अर्धी चुलत दिरांची आहे, त्यांचा भाग कोण करणार?

अवांतरराव

हा खरा इन्सुलेशनचा प्रश्न.

शीतल_छाया

हसू आलं, पण महत्त्वाचं आहे. अर्ध्या छतावरच काम झालं तर सीमेवर बोर्डाची कड उघडी राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. ते तयार नसतील तर तुमची हद्द जिथे भिंतीवर येते तिथेच काम थांबवा आणि तिथे वीतभर उंच बांध घाला. छताच्या मधोमध थांबू नका. आणि त्यांच्या बाजूला निदान चुना मारायला सांगा. तो खर्च इतका कमी आहे की भांडायला पुरत नाही.

दगडधोंडा

चुन्याचं बरं आठवलं. मोठं काम पावसाळ्यानंतर होईल, यंदाचा उन्हाळा तर समोरच आहे. या आठवड्यात गच्ची खरडून, धुऊन तीन हात चुना मारा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडं फेव्हिकॉल घालायचं म्हणजे पायाला लागत नाही. चुना विझताना उकळतो आणि उडतो. डोळ्यांवर चष्मा, मुलं लांब. साधा करडा कोबा पडलेल्या उन्हातला जेमतेम तिसरा हिस्सा परतवतो, ताजा पांढरा रंग पाऊण हिस्सा किंवा जास्त. पण पांढरा आहे तोवरच. धूळ बसली की निम्मा फायदा गेला, म्हणून आंधी होऊन गेली की झाडायचं. पावसाळ्यात तो धुपून जातो, पुढच्या होळीला परत.

अहमदाबादने २०१०च्या उष्णलाटेनंतर २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे २०१७पासून वस्त्यांमध्ये छतं पांढरी करायला घेतली. तिथे पत्र्याच्या छपरांखाली लोक राहतात. तुमचं छत त्या मानाने भाग्यवान.

लू_लागली

पांढरं छत हिवाळ्यात घर आणखी गार नाही करणार का? आधीच जानेवारीत चार-पाच अंश आणि दुपारपर्यंत धुकं.

शीतल_छाया

थोडं करेल. पण थंडीत सूर्य कमी उंचीवर असतो, गच्चीला तसंही कमी मिळतं, आणि खाली बोर्ड आला की वरच्या रंगाने आत फारसा फरक पडत नाही. थंडीत छताचं खरं नुकसान रात्री होतं. आकाश निरभ्र असलं की उघडा दगड आपली ऊब वर फेकत बसतो. बोर्ड तेही थांबवतो.

थंडीत ऊन हवं असेल तर ते दक्षिणेच्या खिडकीतून घ्या. डिसेंबरमध्ये ग्वाल्हेरला दुपारचा सूर्य चाळीस अंशांवरच असतो, छज्जाच्या खालून थेट आत येतो. जूनमध्ये तोच छज्जा त्याला पूर्ण अडवतो. जुन्या गवंड्यांनी छज्जे उगाच नाही काढले. दक्षिणेच्या खिडकीसमोरचं कपाट हलवा आणि हिवाळ्यात तिथले पडदे दिवसभर उघडे ठेवा. पूर्व-पश्चिमेला मात्र छज्जाचा उपयोग नाही, ऊन आडवं येतं. तिथे बांबूची चिक, आणि ती खिडकीच्या बाहेरून. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर त्याला अडवतो.

कैरीचं_पन्हं

पश्चिमेच्या भिंतीला खालून लोणा चढतोय, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. ठेकेदार म्हणाला सिमेंटचा गिलावा करून त्यावर प्लास्टिक पेंट मारू, 'दोन्ही कामं होतील, गरमी पण थांबेल.'

शीतल_छाया

नका करू. हे ठळक अक्षरांत वाचा.

दगड-चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागावरून सोडते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट लावला की सोडायची वाट बंद. मग ओल आणखी वर चढते, आणि जिथे सिमेंट संपतं तिथून फुटते. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णताही जास्त वाहते, तेव्हा 'गरमी थांबेल' हेही खरं नाही. आतून जिप्सम बोर्ड मारला तर त्यामागे बुरशी. सुटलेला गिलावा काढा, भिंतीबाहेरची जमीन आणि गटार बघा, पाणी कुठून येतंय ते थांबवा, मग चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. पायथ्याची फूट-दोन फूट भिंत काही महिने उघडीच सुकू द्या. कुरूप दिसेल. दिसू दे.

दगडधोंडा

पूर्ण सहमत. फक्त चुन्याचा गिलावा जमणारा गवंडी शोधा. मसाला कालवून पाच मिनिटांत मारायला लागला तर तो सिमेंटवाला आहे. चुन्याला भिजत ठेवावं लागतं, मारल्यावर बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि घाई केली की तडे जातात.

मांडवीकर

फटींचं कुणी बोललं नाही. आमच्या जुन्या दारांना दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट होती. कडांना नमद्याची पट्टी आणि दाराखाली ब्रश लावला, तर थंडीतला वारा आणि उन्हाळ्यातली धूळ दोन्ही अडली. सगळ्यात कमी खर्चाचं काम हेच असावं.

दगडधोंडा

बरोबर. आणि रोशनदानं! जुन्या खोल्यांना छताजवळ रोशनदान असतं, लोकांनी कबुतरांमुळे वीट लावून बंद केलेलं असतं. वीट काढा, जाळी आणि उघडझाप होणारी काच लावा. उन्हाळ्यात रात्री उघडं, कारण गरम हवा वरच साठते आणि तिथूनच जाते. सकाळी आठच्या आत खिडक्या, रोशनदान, सगळं बंद. लू वाहत असताना 'हवा येऊ दे' म्हणून खिडकी उघडणाऱ्या पाहुण्याला नम्रपणे थांबवा. चौकावर लोखंडी जाळ असेल तर दुपारी त्यावर तट्टा किंवा जाड कापड, रात्री मोकळा.

कैरीचं_पन्हं

आमचं रोशनदान खरंच विटांनी बंद आहे! आणि कूलर? सासूबाईंच्या खोलीत जुलैत तो चिकचिक करतो म्हणून त्या बंद करायला लावतात.

दगडधोंडा

त्यांचं बरोबर आहे. मे महिन्यात हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २७च्या आसपास हवा देतो, एसीला मागे टाकेल. जुलैत हवा ३४ आणि आर्द्रता ७५ टक्के असली तर तोच कूलर ३१ देतो, वर ओल फुकट. पाऊस सुरू झाला की पाणी बंद, नुसता पंखा. आणि कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेणारा हवा. समोरची खिडकी चार बोटं उघडी. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर मे महिन्यातच जुलै आणतो. वाळ्याची ताटी मिळाली तर पश्चिमेच्या दाराला लावून पाणी शिंपडा, तत्त्व तेच आहे आणि वास फुकट.

रात्रपाळी

धागा वाचतेय, वाचनखूण साठवली. मी भूलतज्ज्ञ आहे, थंडीच्या बाजूने एकच सांगायचंय. फटी बुजवल्यावर त्या खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. आधी फटींतून धूर जात होता म्हणून निभलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा घटना होतात. ऑइल हीटर घ्या, किंवा झोपायच्या आधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. गॅस गीझर बंद न्हाणीघरात असेल तर तोही बाहेर काढा.

शिवाय ऐंशीच्या वयात तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. उन्हाळ्यात 'मला गरम होत नाही' यावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर खोलीतच लावून ठेवा.

कैरीचं_पन्हं

@रात्रपाळी ताई, धन्यवाद. शेगडी आहे आमच्याकडे, आणि ती सासूबाईंच्याच खोलीत असते. आजच उचलली, बोलणी खाल्ली.

अपडेट: गच्चीवर चुन्याचे तीन हात झाले. चुलत दिरांच्या बाजूलाही मारून दिला, त्यांनी चहा पाजला. काल परत मोजलं, बाहेर आधीइतकंच ऊन होतं. छत सातला ३९, अकराला ३७. अजून शेकतंच आहे, पण काल रात्री सासूबाईंनी स्वतःहून पंखा एकाने कमी करायला सांगितला. रोशनदानाच्या विटा काढल्या, आत कबुतराचं जुनं घरटं आणि कुणीतरी ठेवलेला पितळी गडू निघाला. इंजिनीअर येऊन गेले. चौदातल्या दोन पटियांना चीर आहे, गर्डर ठीक. वरचा सिमेंटचा थर आणि डांबर काढायचं, चुना ठेवायचा, असंच ते म्हणाले. बोर्ड दोन इंची, दसऱ्यानंतर. फॉल्स सीलिंग आणि जिप्सम रद्द.

एकच शंका: वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीत पाणी भरून ठेवतात ना, गळती बघायला?

दगडधोंडा

भरा, पण आधी त्या दोन पटिया बदलून घ्या. आणि पाणी दोन इंचांच्या वर नको. दर इंचाला चौरस मीटरमागे २५ किलो वजन येतं. चोवीस तास ठेवा, खालून प्रत्येक सांध्यावर खडूने खूण करत फिरा. बोर्ड टाकण्याच्या आधी ही परीक्षा, नंतर नाही. बोर्डाखालची गळती शोधायला सगळं उकरावं लागतं.

मुरारकर

वहिनी, चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळाला का? आमचा पत्रा उतरवायचा विचार चाललाय. नंबर द्या.

कैरीचं_पन्हं

एक मिळालाय, बहोडापूरकडचा. वडील मंदिरांची कामं करायचे. नंबर इथे नको, व्यक्तिगत निरोप करते. पण दिवाळीपर्यंत तो आमच्याकडेच आहे, आधीच सांगते.